कुलूप घेणाऱ्याचं, किल्ली विकणाऱ्याकडे

पासवर्ड विसरला म्हणून लॅपटॉप घेऊन येणारा माणूस बरेचदा पासवर्ड विसरलेलाच नसतो. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज एक्सपीचा जमाना होता तेव्हापासून मी हाच धंदा करतोय. गिऱ्हाईक घाबरून काही सांगायला लागलं की मी आधी बाहेरचा कीबोर्ड जोडतो आणि म्हणतो, 'आता टाका बघू.' पुष्कळ वेळा लगेच उघडतो. चहा सांडून एखादं बटण मेलेलं असतं. कॅप्स लॉक चालू राहिलेला असतो. जुन्या छोट्या लॅपटॉपवर नम लॉक लागला की जे, के, एल या बटणांवर आकडे उमटतात.

आपल्याकडचा एक खास प्रकार तर वेगळाच. शाळेतले सर मराठी टायपिंगसाठी मराठी कीबोर्ड टाकून घेतात. मग लॉगिनच्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात भाषा मराठीच राहते आणि सर इंग्रजी समजून जे बडवतात ते देवनागरीत पडत असतं. पडद्यावर नुसते काळे ठिपके, त्यामुळे पत्ताच लागत नाही. खरं तर रकान्याच्या टोकाला डोळ्याचं चिन्ह असतं. ते दाबून धरलं की काय टाइप झालंय ते दिसतं. तेवढं न बघता 'मारा फॉरमॅट' म्हणून मोकळी होणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना थांबवणं हे माझ्या कामातलं पहिलं काम.

बाकीच्यांची गोष्ट निराळी. त्यांना पासवर्ड कधी माहीतच नव्हता. आज हा लेख लिहायला घेतलाय तो त्यांच्यासाठी.

नवा लॅपटॉप घेताना काय होतं ते आठवून पाहा. शोरूममधला पोरगा खोका फोडतो, लॅपटॉप चालू करतो. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती इंटरनेट आणि खातं मागितल्याशिवाय सरळपणे पुढे जात नाही. पोरगा विचारतो, 'ईमेल सांगा, पासवर्ड सांगा.' गिऱ्हाइकाचं जीमेल मोबाइलवर आपोआप चालत असतं, त्याचा पासवर्ड ठाऊक असायचं कारणच नाही. मागे आणखी दोन गिऱ्हाइकं उभी. मग पोरगा कधी गिऱ्हाइकाच्या भाच्याचा ईमेल घालतो, कधी तिथल्या तिथे नवा ईमेल उघडतो आणि कधी सरळ स्वतःचाच टाकतो. शेवटी चार आकडी पिन ठेवायला सांगतो. गिऱ्हाईक मुलाच्या जन्माचं साल घालतं, पेढे वाटतं आणि घरी जातं. पुढे तीन-चार वर्षं रोज तोच पिन. हा पिन त्या एका मशीनपुरता असतो. पासवर्ड असतो तो कंपनीकडच्या खात्याचा. हे कुणी सांगितलेलं नसतं. मग एखाद्या दिवशी पिन चालेनासा होतो, मशीन पासवर्ड मागतं आणि माणूस माझ्याकडे येऊन म्हणतो, 'दादा, पासवर्ड विसरलो.'

पूर्वी हे दहा मिनिटांचं काम होतं. विंडोज ९८ मध्ये पासवर्डची चौकट आली की एस्केप दाबायचं, मशीन मुकाट्याने आत घ्यायचं. एक्सपीच्या घरगुती आवृत्तीत सेफ मोडला गेलं की ॲडमिनिस्ट्रेटर नावाचं एक लपलेलं खातं दिसायचं, त्याला बहुतेक वेळा पासवर्डच नसायचा. पुढे विंडोज ७ आली तरी हिरेन्स बूट सीडी नाहीतर एखादा पेनड्राइव्ह लावून मशीन बाहेरून चालू करायचं आणि पासवर्ड पुसून टाकायचा. लॉगिनच्या पानावरची एक फाइल बदलून काळी खिडकी उघडायची युक्ती तर शाळेतल्या पोरांनाही येत होती. आम्हा दुरुस्तीवाल्यांची निम्मी भाकरी त्यावर चालायची.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर लोक पोत्यात घालून मशीन घेऊन आले. चिखल धुवायचा, हार्डडिस्क काढायची, वाळवायची, दुसऱ्या मशीनला जोडायची. ज्या डिस्क फिरल्या त्यांच्यातला डेटा सरळ वाचता आला. कुणाचा पासवर्ड मला विचारावा लागला नाही. लग्नाचे फोटो, पतसंस्थेच्या वसुलीच्या याद्या, एका डॉक्टरांच्या पेशंटच्या नोंदी, सगळं माझ्या टेबलावर उघडं पडलं होतं.

म्हणून जुन्या दिवसांबद्दल मला हळहळ नाही. मला जे दहा मिनिटांत जमत होतं, तेच लॅपटॉप चोरणाऱ्यालाही जमत होतं. आणि चोरच कशाला, घरातली माणसं काही कमी नसतात. 'लॅपटॉप आमच्या मिसेसचा आहे, ती माहेरी गेलीय, जरा उघडून द्या,' असं म्हणणारे नवरे येतातच. मी म्हणतो, 'वहिनींना फोन लावून द्या, मी बोलतो.' फोन लागत नाही. कधीच लागत नाही. मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमात बसतं आणि लबाडीने केलं तर ६६ व्या कलमाखाली तुरुंगही आहे. खरेदीचं बिल आणि मालक दोन्ही समोर नसतील तर मी हात लावत नाही. दुकानात वही आहे, तीत सही घेतो.

तर कुलूप भक्कम झालं, ते बरंच झालं. ते कसं झालं हे मात्र थोडं समजून घ्यायला हवं. २०१२ मध्ये विंडोज ८ आली आणि घरच्या मशीनचं लॉगिन कंपनीच्या ऑनलाइन खात्याशी जोडायला सुरुवात झाली. मग डिस्कवरचा मजकूर गोंधळून ठेवायची सोय, जिला एन्क्रिप्शन म्हणतात, घरगुती लॅपटॉपवर येऊ लागली. बऱ्याच मशीनवर ती ऑनलाइन खात्याने लॉगिन झालं की आपोआप चालू होते. २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून तर नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ही गोष्ट आणखी सर्रास झाली. डिस्क उघडायची गुप्त संख्या मदरबोर्डवरच्या एका चिपमध्ये राहते. रोज मशीन चालू करताना चिप सगळं जिथल्या तिथे आहे ना ते पाहते आणि निमूटपणे दार उघडते. पण मदरबोर्ड बदलला, बायोस अपडेट झालं, चालू व्हायच्या सेटिंगमध्ये काही हललं, की तिला शंका येते. मग येतो निळा पडदा आणि तो मागतो ४८ आकडे. सहा-सहाचे आठ गट.

हे आकडे नसतील तर डेटा नाही. मी देऊ शकत नाही, पुण्यातलं मोठं दुकान देऊ शकत नाही. डिस्क काढून दुसरीकडे जोडली तरी तिथेही तेच आकडे मागितले जातात. यूट्यूबवर जे व्हिडिओ आहेत, फाइल बदला आणि आत जा, ते या मशीनवर चालत नाहीत, कारण बाहेरून फाइल दिसतच नाही. 'आम्ही उघडून देतो, आधी पाच हजार टाका,' असं जो म्हणतो त्याच्या नादी लागू नका. डिस्क पुसून नवी विंडोज टाकता येते, मशीन वाया जात नाही. आत जे होतं ते गेलं, एवढंच.

हे फक्त सांगली-मिरजेच्या लोकांचं दुखणं आहे असं समजू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख मशीन निळी पडली. विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांचे आयटीवाले एकेका मशीनसाठी हेच ४८ आकडे शोधत बसले होते. त्यांच्याकडे निदान याद्या होत्या.

आता तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याचं सांगतो. माणूस सौद्यात वाढलेला, हिशेब तोंडपाठ, पण उधारी सगळी टॅलीत. लॅपटॉपवर अपडेट आलं, मशीन बंद होऊन चालू झालं आणि समोर निळा पडदा. माझ्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ते म्हणाले, 'हे आकडं मला कुणी दिलं होतं का हो? मग मला का मागतंय?' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दिवाळी तोंडावर आलेली, मुंबई-दिल्लीच्या पार्ट्यांकडून येणं बाकी, आणि कुणाकडून किती ते त्या डिस्कवर.

अलीकडच्या आवृत्तीत त्या निळ्या पडद्यावर, आकडे ज्या खात्यात ठेवलेत त्या ईमेलची अर्धवट झाकलेली खूण दिसते. पहिली अक्षरं, मग फुल्या. त्यांनी चष्मा सारखा करून वाचलं. 'हा आमच्यातला कुणाचा न्हाई.' मुलाला फोन झाला, जावयाला झाला. कुणाचाच नाही. शेवटी मी विचारलं, 'लॅपटॉप चालू करून कुणी दिला होता?' मग त्यांना शोरूममधला पोरगा आठवला. पोरगा ती नोकरी सोडून पुण्याला गेलेला. शोरूमच्या मालकाने कुरकुरत नंबर दिला. पोरगं भलं निघालं. आपल्या मोबाइलवर त्याने ते खातं उघडलं. रोज वापरलेला पासवर्ड होता, त्याच्या बोटांना पाठ होता. आकड्यांच्या पानाचा फोटो काढून त्याने मला व्हॉट्सॲपवर पाठवला.

तो फोटो बघून मी थोडा वेळ काही बोललो नाही. त्या पानावर एका लॅपटॉपचे आकडे नव्हते. एकाखाली एक अशी रांग होती. डेस्कटॉप अमुक, लॅपटॉप तमुक, कारखान्यातून आलेली तीच अर्थहीन नावं, प्रत्येकापुढे ओळखीचा क्रमांक आणि ४८ आकडे. पोरग्याने गर्दीच्या दिवसांत एकाच ईमेलवर जितकी मशीन चालू करून दिली, त्या सगळ्यांच्या किल्ल्या त्याच्या खिशात होत्या. त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

निळ्या पडद्यावरच्या ओळखीच्या क्रमांकाशी जुळणारी ओळ आम्ही शोधली. मग मी आकडे वाचायचे आणि व्यापाऱ्यांनी टाकायचे असं ठरलं. सहा आकडे झाले की ते सौद्यात भाव पुकारतात तशा खणखणीत आवाजात परत म्हणून दाखवायचे, मग पुढचे सहा. पाचव्या गटात एक आकडा चुकला, तो गट परत टाकला. मशीन उघडलं, टॅली उघडली. पैसे किती झाले ते न विचारता त्यांनी नोटा ठेवल्या. मी मात्र त्यांना लगेच उठू दिलं नाही. त्यांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर नवं खातं काढलं, मशीन त्यावर आणलं, नव्या खात्यात आकडे पोहोचल्याचं बघितलं आणि ते कागदावर छापून त्यांच्या हातात दिले.

दोष कुणाचा? पोरग्याला मी फार बोल लावणार नाही. त्याला दिवसाला इतके खोके फोडायचे असं मालकाने सांगितलेलं असतं. शोरूमच्या मालकाला लावेन. आणि त्याहून जास्त मायक्रोसॉफ्टला लावेन. कारण एवढं भक्कम कुलूप मालकाला न विचारता लावायचं आणि किल्ली 'तुमच्या खात्यात ठेवलीय' एवढं गृहीत धरायचं, यात खातं खरंच मालकाचं आहे का हे कुणी तपासत नाही. पहिल्या दिवशी लॅपटॉप चालू करताना कंपनी दहा पडदे दाखवते: स्थान कळवू का, जाहिराती दाखवू का, ऑफिसचं सभासदत्व घेता का. त्यात अकरावा पडदा घालायला काय जातं? हे तुमचे ४८ आकडे, कागदावर उतरवा, आता त्यातले शेवटचे सहा टाकून दाखवा, मगच पुढे. अॅपलच्या मॅकवर डिस्कचं एन्क्रिप्शन चालू करताना निदान विचारतात की सोडवायची सोय ऑनलाइन खात्यावर ठेवायची की वेगळी किल्ली घ्यायची. विचारतात, म्हणून माणूस क्षणभर थांबतो तरी.

आणि विकणाऱ्यासाठी नियम हवा. टीव्ही घेतला तरी वॉरंटी कार्डावर शिक्का मारून देतात. लॅपटॉपच्या बिलाला एक कागद टाचून द्यावा: खातं कोणत्या ईमेलवर काढलं, नंबर कुणाचा दिला, डिस्क एन्क्रिप्ट आहे की नाही, असल्यास आकडे. खाली गिऱ्हाइकाची सही. बिल लोक कपाटात जपून ठेवतात, वॉरंटी संपली तरी ठेवतात. मी विकलेल्या जुन्या-नव्या प्रत्येक मशीनबरोबर असा कागद देतो. वेळ लागतो, पण गिऱ्हाईक पळून गेल्याचं आठवत नाही.

कागद म्हटलं की शिकलेली माणसं नाक मुरडतात. पासवर्ड लिहून ठेवू नये हे त्यांना ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं. त्याच ट्रेनिंगमध्ये दर तीन महिन्यांनी बदला, एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह घाला, हेही शिकवलेलं असतं. हा सल्ला ज्यांनी २००३ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेसाठी लिहिला त्या बिल बर यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे म्हटलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. त्याच वर्षी त्या संस्थेने उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका असं नव्या नियमांत घातलं. आपल्याकडे अजून कित्येक कार्यालयांत जुनंच चालू आहे. मग तिथल्या एखाद्या बाई 'सांगली@१', 'सांगली@२' करत जातात आणि मे महिन्याच्या सुट्टीनंतर कितवा आकडा होता ते आठवत नाही.

लिहून ठेवण्याच्या बाजूने सुरक्षेतला मोठा माणूस ब्रूस श्नायर २००५ मध्येच बोलला होता: कठीण पासवर्ड ठेवा, चिठ्ठीवर लिहा, पाकिटात जपा, कारण कागदाचे छोटे तुकडे सांभाळणं आपल्याला जमतं. आणि ज्यांच्या गटाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीत कॉम्प्युटरला पासवर्ड लावायची पद्धत आणली ते फर्नांडो कोर्बाटो? म्हातारपणी एका अमेरिकी वर्तमानपत्राला त्यांनी सांगितलं की आपले पासवर्ड आपण टाइप करून कागदांवर ठेवतो. पासवर्ड आणणाऱ्याला जे चाललं ते आपल्याला चालायला हरकत नसावी.

कागद चोराला सापडला तर, असं लोक विचारतात. सापडू शकतो. पण लॅपटॉप एसटीत किंवा कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चोरीला जातो तेव्हा घरातलं कपाट त्याच्याबरोबर जात नाही. आणि तुमचं खातं परदेशात बसून फोडणाऱ्याला तुमच्या कपाटातली वही वाचता येत नाही. कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका म्हणजे झालं. बँकेचा पिन त्याच कागदावर लिहू नका, हेही सांगतो, कारण लिहिणारे आहेत.

एक गोष्ट बोलायला जड आहे, पण दुकानात येते. घरातला कर्ता माणूस जातो. दहाव्या-बाराव्यानंतर कधीतरी काकू लॅपटॉप घेऊन येतात. आत फोटो असतात, एलआयसीची कागदपत्रं असतात, शेताच्या वाटणीचं काहीतरी स्कॅन करून ठेवलेलं असतं. खातं काकांच्या नंबरवर. पासवर्ड नव्याने ठेवायला कंपनी त्या नंबरवर ओटीपी पाठवते. आणि तो नंबर? 'आता कोण बोलणार त्यावर,' म्हणून रिचार्ज बंद केलेला असतो. नव्वद दिवस वापर नसेल तर प्रीपेड नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे काही काळाने तो दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो. माझं सगळ्यांना एवढंच सांगणं असतं की माणूस गेल्यावर त्याचं सिम लगेच बंद करू नका. वर्षभर कमीतकमी रिचार्ज ठेवा, तोवर एकेक खातं सोडवून घ्या. गूगलने २०१३ पासून, आपण गप्प झालो तर खात्यातला डेटा कुणाच्या हाती जावा हे आधीच लिहून ठेवायची सोय दिली आहे. ॲपलनेही २०२१ मध्ये वारस नेमायची सोय आणली. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मृत्यूनंतरचे हक्क वापरायला दुसऱ्याला नेमण्याचं कलम आहे. हे सगळं जिवंतपणी भरायचं असतं. बँकेत नॉमिनी लावताना मॅनेजर मागे लागतो, इथे कुणी मागे लागत नाही.

आता राहिली ती पोरग्याच्या खात्यातली रांग. त्याला मी सांगितलं, काही पुसू नकोस. पुसलंस तर त्या माणसांचा शेवटचा आधार जाईल. त्याने आठवून आठवून काही गिऱ्हाइकांचे नंबर काढले, मी फोन केले. काहींना बोलणं पटलं, ते मशीन घेऊन आले. एकाने मलाच फसवणूक करणारा समजून फोन आपटला, आणि आजकालच्या दिवसांत त्याने ते बरोबरच केलं. बाकीच्या नावांचे मालक कोण ते पोरग्याला आठवत नाही आणि मला शोधता येत नाहीत. शिराळा, पलूस, कवठेमहांकाळ, कुठेही असतील. तुमचा लॅपटॉप दुकानातल्या कुणी चालू करून दिला असेल तर आज संध्याकाळी सेटिंगमध्ये जा, खात्यांच्या पानावर पाहा. वर जो ईमेल दिसेल तो तुमचा नसेल, तर मशीन उघडतंय तोवरच तो बदलून घ्या. हरभट रोडला आलात तर मी करून देईन. बिल आणि मालक दोन्ही घेऊन या.